उतारावरच्या घराला दरवर्षी पडणारी तीच भेग: आधी काय बघायचं आणि कुठे थांबायचं

दिवाळीला पुट्टी भरून रंग मारायचा आणि पुढच्या श्रावणात तीच भेग त्याच जागी परत हजर, हा प्रकार ज्यांच्या घरी चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय. माझं काम रिपेअरिंगचं, नाशिक भागात. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडची फार्महाऊसं, गिरणारे, त्र्यंबक रोड, अंजनेरीच्या पायथ्याचे प्लॉट, म्हसरूळला चामरलेणीच्या बाजूचे बंगले, लांब म्हणाल तर घोटी-इगतपुरी. घरं वेगळी, मालक वेगळे, बजेट तर फारच वेगळं, पण फोनवर वाक्य एकच असतं, "भाऊ, उताराकडचा कोपरा फाटतोय." आणि बहुतेक ठिकाणी सिमेंट-सळई कमी पडलेली नसते, पायाखालच्या मातीत पाणी मुरत असतं नाहीतर पायाच्या पुढे उताराच्या बाजूला माती पुरेशी नसते. हे दोन्ही तपासायला फार खर्च येत नाही, पण लोक थेट पाया मजबूत करायच्या कोटेशनवर जातात, आणि त्या कोटेशनमध्ये लाखाच्या खाली काही नसतं.

मी इथे साधं घर धरलंय, तळमजला किंवा वर एक मजला, पाया चार-पाच फूट खोल, लोड बेअरिंग (भिंतींवरच वजन पेललेलं) असो की आरसीसी फुटिंग (कॉलमखालची रुंद काँक्रीटची बैठक). त्याच्या वरच्या बिल्डिंगला हे ऐकून काही करू नका, तिथे पहिल्या दिवसापासून इंजिनिअर.

लक्षणं

खिडकीच्या नाहीतर दाराच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेली, आणि ती घराच्या उताराकडच्या टोकाला. वरती रुंद आणि खाली बारीक असेल तर ते टोक खाली चाललंय असं समजायचं. उलट खाली रुंद आणि वर बारीक असेल तर भिंतीचा मधला भाग बसतोय.

ओटा, पोर्च किंवा पायऱ्या मूळ भिंतीपासून सुटलेल्या, मधल्या फटीत फूटपट्टी जाते. प्लिंथ आणि बाहेरच्या कोब्याच्या मध्ये गॅप. उताराकडच्या खोलीत फरशीवर टकटक केलं की पोकळ आवाज, गोटी ठेवली की आपोआप त्याच भिंतीकडे जाते. एकाच बाजूची दारं पावसाळ्यात अडकतात (सगळ्या घराची अडकत असतील तर लाकूड फुगलंय, ते वेगळं). कंपाउंड वॉल बाहेर कललेली, तारेचे खांब उताराकडे झुकलेले.

आणि घराबाहेर जमिनीवर, उताराच्या कडेला समांतर पडलेली भेग. ही दिसली तर बाकीची पोस्ट नंतर वाचा, आधी खाली "थांबा" म्हणून लिहिलंय ते वाचा.

आता ह्यातलं काय नाही तेही सांगतो, कारण निम्मे फोन त्याचेच असतात. वरच्या स्लॅबच्या लगेच खाली आडवी भेग, ती उन्हाने स्लॅब ताणतो-आकसतो त्याची. आरसीसी बीम आणि वीटकामाच्या सांध्यावर सरळ आडवी रेघ, ती दोन वेगळ्या मटेरियलची. प्लास्टरवर जाळ्यासारखं बारीक तडकलेलं, ते क्युरिंग कमी झाल्याचं. ह्या भेगांसाठी पायाला हात लावू असं कोणी म्हणालं तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या.

उतारावर वेगळं काय होतं

सपाट जमिनीवर फुटिंग खाली दाबलं जातं तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची माती त्याला धरून ठेवते. उतारावर खालच्या बाजूला ती मातीच कमी, म्हणून माती त्या मोकळ्या बाजूला सरकायला बघते. तेच फुटिंग, तीच माती, पण उताराच्या कडेवर ती कमी वजन पेलते, आणि कडेपासून जसजसं आत जाल तसा हा फरक कमी होत जातो. मेयरहॉफ नावाच्या इंजिनिअरने १९५७ मध्येच ह्याचं गणित मांडून ठेवलंय, नवीन काही नाही.

दुसरी गोष्ट ह्याहून मोठी, ती म्हणजे फुटिंग जागेवर ठीक आहे पण ज्या उतारावर ते बसलंय तो उतारच घरासकट सरकतोय. पहिल्या प्रकारात पायाची दुरुस्ती चालते, दुसऱ्यात पायावर कितीही पैसा घाला, तो पैसा पण उताराबरोबर खाली जाणार. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीणला अख्खा डोंगरउतार खाली आला, तिथे कुठला पाया टिकला असता असा प्रश्नच नाही. तुमच्या घरी ह्यातलं कुठलं चाललंय ते ओळखणं हे तपासणीतलं अर्धं काम.

१. भेगेवर तारीख लिहा (खर्च शून्य)

पुट्टी भरण्याआधी हे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख. तीन ठिकाणी रुंदी मोजा, स्टीलची पट्टी पुरते. मग काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं पीओपीने चिकटवा, पण आधी तिथला रंग खरवडून, नाहीतर पट्टी रंगासकट निघून येते आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. भिंत हलली की काच तडकते. मे अखेर, जुलै मध्य, सप्टेंबर अखेर आणि जानेवारी, असं वर्षातून चारदा मोजून फोटो काढून ठेवा.

लोक ह्याला कंटाळतात, पण इंजिनिअर आला की पहिलं हेच विचारतो आणि तुमच्याकडे उत्तर असेल तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं. भेग ऋतूप्रमाणे उघडते आणि परत मिटते, म्हणजे काळी माती फुगतेय-आकसतेय. फक्त उघडतच जाते, दर पावसाळ्यात थोडी जास्त, परत मागे येत नाही, म्हणजे भराव बसतोय किंवा उतार सरकतोय. ऋतू कुठलाही असो, एकाच वेगाने वाढतेय, म्हणजे बारा महिने कुठूनतरी पाणी चालू आहे, पाईप बघा. आणि वर्षभर काहीच हललं नाही तर ती जुनी भेग आहे, घर बसायचं तेवढं बसून झालंय, भरा आणि निवांत रहा.

काळ्या मातीबद्दल थोडं जास्त. ती फुगते तेव्हा उताराला काटकोनात वर येते, आणि सुकते तेव्हा सरळ खाली बसते, म्हणजे प्रत्येक फेरीत थोडीशी खाली सरकलेली असते. वर्षानुवर्षं हे चालू राहतं. झाडाचं खोड बुंध्याशी उताराकडे वाकून मग वर सरळ गेलेलं दिसलं की समजा वरचा थर हळूहळू चाललाय. ह्या मातीची फुगण्या-आकसण्याची हालचाल बरीच खोल जाते, अशा ठिकाणी अंडर-रीम पाईल (जमिनीत खोल घातलेले, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब) करायचे झाले तर भारतीय मानकात कमीत कमी ३.५ मीटर लांबी धरतात ती त्यामुळेच. तीन फुटांवर टाकलेला पाया काळ्या मातीत असेल तर तो हलणार्‍या थरातच बसलाय, मग वर कितीही भारी प्लास्टर करा.

२. पावसात छत्री घेऊन घराला चक्कर मारा (खर्च शून्य ते काही हजार)

हे जुलैमध्ये, धो-धो चालू असताना. उन्हाळ्यात फिरून काही कळत नाही. गच्चीचं पाणी कुठे पडतं बघा. हजार स्क्वेअर फूट गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस झाला तर साधारण ९,३०० लिटर पाणी होतं, म्हणजे जवळजवळ एक टँकर, आणि तो टँकर तुमच्या दोन-तीन पाईपांतून बरोबर पायाच्या कोपऱ्यावर रिकामा होतोय. नाशिक शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्र्यंबकला दुपटीहून जास्त, इगतपुरीला ३,००० च्या घरात. शहरातल्या बंगल्याचं ड्रॉइंग जसंच्या तसं इगतपुरीच्या उतारावर बसवलं की काय होणार ते सांगायला नको.

काय करायचं तर पाईपांची तोंडं बंद पाईपाने किंवा पक्क्या गटारीने उताराच्या खालपर्यंत न्यायची, मध्येच उतारावर मोकळी सोडायची नाहीत, नाहीतर तिथे घळ पडते आणि ती घळ खात खात घराकडे वर येते. घराभोवती तीन फूट रुंद कोबा, बाहेरच्या बाजूला सव्वा-दीड इंच उतार देऊन, आणि कोबा-भिंतीच्या सांध्यात डांबर किंवा सीलंट. हा सांधा लोक मोकळा सोडतात आणि सगळं पाणी तिथूनच सरळ पायाशी जातं, कोबा करून न केल्यासारखा.

डोंगराकडच्या बाजूला आडवी चर पाहिजे, वरून येणारं पाणी घराला वळसा घालून बाजूने निघून जाईल अशी. चर पक्की बांधलेली पाहिजे. नुसती खोदून ठेवलेली कच्ची चर म्हणजे पाणी मुरवायची व्यवस्था, पाणलोटाच्या कामात ती चांगली, घराच्या डोक्यावर नाही. रेन वॉटर हार्वेस्टिंगच्या शोषखड्ड्याचंही तसंच. नकाशा मंजूर करायला खड्डा लागतो म्हणून तो रिकाम्या जागेत कुठेही खणतात, बऱ्याचदा बरोबर घराच्या वरच्या अंगाला, आणि मग मुरलेलं पाणी पायाखालून प्रवास करतं. उतारावर शक्य असेल तर पाणी टाकीत साठवा, मुरवायचंच असेल तर घरापासून लांब, बाजूला.

माझ्या बघण्यातल्या बऱ्याच केसेस इथेच संपतात. एक पावसाळा पाणी बाजूला काढलं आणि काच तडकली नाही, विषय संपला.

३. तुमचंच पाणी (थोडा खर्च, थोडा वैताग)

रात्री सगळे नळ बंद करून वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीला खूण करा, सकाळी बघा. खाली गेली असेल तर लाईन गळतेय. जमिनीतल्या टाकीची पण वेगळी तशीच टेस्ट. टॉयलेटमध्ये खायचा रंग टाकून बाहेरच्या उतारावर ओल फुटते तिथे रंग येतो का बघा, सेप्टिक टँक गळत असेल तर उत्तर मिळतं.

सगळ्यात स्वस्त टेस्ट तर डोळ्यांनीच होते. मे महिन्यात आजूबाजूचा डोंगर तांबडा-पिवळा पडलेला असतो तेव्हा घराच्या खालच्या अंगाला एकाच पट्ट्यात हिरवंगार गवत दिसलं, अळू माजलेलं दिसलं, तर तिथे बारा महिने पाणी पोचतंय. कुठून, ते त्या पट्ट्याच्या वर सरळ रेषेत शोधत जायचं.

आणि भिंतीला चिकटून लॉन आणि फुलझाडांचे वाफे करू नका हो, फार्महाऊसवाले ह्यात सगळ्यात पुढे, रोज सकाळ-संध्याकाळ पायाला पाणी घालतात आणि मग म्हणतात कॉन्ट्रॅक्टरने फसवलं.

४. वरचा आणि खालचा शेजारी

पाणी तुमचंच असेल असं नाही. वरच्या शेतात शेततळं आहे का, त्याचा कागद फाटलाय का, कालवा जवळून जातो का, नवीन द्राक्षबाग लावून ठिबक सुरू झालंय का. गावात विचारलं तर चहाच्या टपरीवर सगळी माहिती मिळते, कोणी कधी शेततळं भरलं ते तारखेसकट.

आपला सगळा भाग बेसॉल्टचा, लाव्हाचे थर एकावर एक. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल मातीचा पट्टा असतो, घाटातल्या कटिंगमध्ये दिसतो बघा. त्यातून पाणी सहज खाली जात नाही, वरच्या भेगाळलेल्या खडकातून आलेलं पाणी तिथे अडतं आणि आडवं बाहेर निघतं, म्हणून ऑगस्टमध्ये घरामागच्या कटिंगमधून अचानक झरा फुटतो. तो झरा सिमेंट लावून बुजवायचा नाही! पाणी आत कोंडलं की मागे प्रेशर वाढतं. पाईप घालून त्याला वाट करून द्यायची आणि गटारीत सोडायचं.

खालच्या बाजूला कोणी पायथा कापलाय का हे त्याहून महत्त्वाचं. खालच्या प्लॉटवाल्याने जेसीबीने सपाटी केली, रस्ता रुंद झाला, कोणी मुरूम उचलून नेला, ह्या सगळ्याचा अर्थ एकच, उताराला खालून असलेला टेकू गेला. तुमची भेग आणि त्याची खोदाई एकाच पावसाळ्यातली असेल तर पुढच्या तपासण्या स्वतः करत बसू नका, इंजिनिअरला बोलवा आणि खोदाई थांबवायला लेखी पत्र द्या, तोंडी भांडणाला काही किंमत नाही.

बॅकवॉटरवाल्यांनी आणखी एक बघायचं. धरणाचं पाणी झपाट्याने खाली गेलं की काठाची माती आत ओलीच असते पण बाहेरून पाण्याचा आधार निघून गेलेला असतो, त्या दिवसांत काठ ढासळतात.

५. टेप आणि दोरी (खर्च शून्य, दोन माणसं)

आता खरा मुद्दा, पायाच्या पुढे माती किती आहे. आयएस १९०४ ह्या नंबरच्या भारतीय मानकात सरळ लिहिलंय की फुटिंगच्या खालच्या कडेपासून उताराच्या पृष्ठभागापर्यंत आडवं अंतर मातीत कमीत कमी ९० सेंटिमीटर आणि खडकात ६० सेंटिमीटर पाहिजे. वर आणखी एक अट, फुटिंगच्या खालच्या कडेपासून आडव्याशी ३० अंशाने खाली जाणारी रेघ कल्पून बघा, मातीत असाल तर ती रेघ उताराच्या बाहेर येता कामा नये.

जागेवर मोजायला सोपं असं. उतार ३० अंशांपेक्षा सौम्य असेल तर तीन फुटांची अट बघितली की भागतं. उतार तीव्र असेल किंवा खाली उभं कटिंग असेल तर लेव्हल ट्यूब (पाणी भरलेली पारदर्शक नळी) लावून फुटिंगच्या तळापासून उताराच्या पायथ्यापर्यंतची उभी उंची काढा, त्याच्या पावणेदोन पट तरी आडवं अंतर पाहिजे. म्हणजे पायथा सहा फूट खाली असेल तर साडेदहा फूट. फुटिंग किती खोल आहे ते ड्रॉइंगवर असतं. प्रत्यक्षात तेवढंच आहे का ते पुढच्या तपासणीत कळतं, आणि नसतं बऱ्याचदा.

अंतर कमी भरलं की लगेच कोणीतरी सुचवतं, "त्यात काय, टाकू दोन हायवा (डंपर) मुरूम." नका टाकू. उतारावर वरून ओतलेला मुरूम सैल असतो, तो काही धरून ठेवत नाही, पहिल्या मोठ्या पावसात घसरतो, आणि तोपर्यंत उताराच्या डोक्यावर फुकटचं वजन. भराव करायचाच तर खालून सुरू करायचा, जुन्या उतारात पायऱ्या कापून, आठ-आठ इंचांचे थर, पाणी मारून रोलर किंवा निदान धुम्मसाने दाबत. ब्रासवर हिशोब लावणाऱ्या माणसाला हे सांगून पटत नाही, त्याला गाड्या रिकाम्या करायच्या असतात. घराला लागून हे काम डिझाइनशिवाय करू नका.

उताराच्या कडेला पाण्याची टाकी, जड कंपाउंड वॉल, दगडी गझेबो असलं काही आधीच असेल तर ते पण लक्षात घ्या, तिथलं वजन कमी करता आलं तर तोही इलाज असतो.

६. खड्डा घेऊन बघा (मजुरी एक दिवसाची, फक्त कोरड्या दिवसांत)

फाटलेल्या कोपऱ्यापासून थोडं बाजूला, तीन बाय तीन फुटांचा एकच खड्डा, फुटिंगचा तळ दिसेपर्यंत. तळाच्या खाली एक इंच पण जायचं नाही, भिंतीच्या लांबीने चर खोदायची नाही, पाच फुटांच्या पुढे बाजूला फळ्यांचा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही, आणि त्याच दिवशी थर-थर दाबून बुजवायचा. पावसाळ्यात हे अजिबात नाही.

खड्ड्यात काय बघायचं. प्लास्टिकची पिशवी, विटेचा तुकडा, गुटख्याची पुडी तीन फुटांवर सापडली म्हणजे ती माती डोंगराची नाही, कोणीतरी आणून टाकलेला भराव आहे. उतारावरचे प्लॉट सपाट करताना वरची अर्धी बाजू कापतात आणि तीच माती खालच्या अर्ध्या बाजूला पसरतात, मग घराचा मागचा भाग पक्क्या मुरमावर आणि पुढचा भाग भरावावर. मागचा बसत नाही, पुढचा बसतो, आणि फाटतं बरोबर त्या दोघांच्या हद्दीवर. अशा घराची भेग कुठे असणार हे कधीकधी प्लॉटचा जुना उतार बघूनच सांगता येतं.

दुसरं म्हणजे धोंडा. जेसीबीचं बकेट टणकन वाजतं, ऑपरेटर म्हणतो खडक लागला, मिस्त्री खूश, पीसीसी (सळईशिवायचं काँक्रीट) टाकून मोकळे. पण डोंगराच्या पायथ्याला मातीत सुटे पडलेले मोठमोठे धोंडे असतात, टेबलाएवढेसुद्धा, आणि त्यांच्या खाली परत माती. पहार घेऊन वेगवेगळ्या ठिकाणी मारून बघा, अखंड खडकाचा आवाज सगळीकडे खणखणीत आणि एकसारखा येतो, सुट्या धोंड्याला एका बाजूला कड सापडते आणि तिथे पहार मातीत शिरते. शंका आली तर खड्डा त्या कडेच्या बाजूला थोडा वाढवून बघा, पण फुटिंगखालून नाही.

तिसरं, काळी किंवा चिकट करडी माती. फुगणारी आहे का ते घरी ढोबळमानाने कळतं. सुकवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली १० ग्रॅम माती दोन सारख्या काचेच्या नळ्यांत घ्या, एकीत पाणी, एकीत रॉकेल, ढवळून चोवीस तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलवालीच्या दीडपट किंवा जास्त दिसली तर ती माती पायाला त्रास देणारी आहे. लॅबमध्ये हीच टेस्ट मापाच्या सिलिंडरमध्ये नीट करतात, घरच्या रिझल्टवर डिझाइन करायचं नसतं, लॅबला पैसे घालायचे की नाही एवढंच त्यावरून ठरवायचं.

७. रिटेनिंग वॉल असेल तर

भिंतीतल्या पाणी निघायच्या पाईपांची तोंडं मोजू नका, त्यातून पावसात पाणी येतंय का ते बघा. भिंत भर पावसात कोरडी ठणठणीत आणि मागची माती चिखल, म्हणजे तोंडं बुजलीत. सळईने मोकळी करा, प्लंबरच्या स्प्रिंगने करा. पाणी साचलं की मातीच्या दाबावर पाण्याचा दाब चढतो, आणि फक्त मातीसाठी बांधलेली भिंत तो पेलू शकत नाही. मोकळी करताना पाण्याबरोबर माती पण धो-धो यायला लागली तर मागे दगड-गोट्यांचा फिल्टरच घातलेला नाही, मग लगेच थांबा, नाहीतर भिंतीमागे पोकळी होते.

ओळंबा सोडून भिंतीचा कल मोजा आणि तारीख टाकून लिहून ठेवा. भिंत पोटातून फुगलेली दिसली किंवा दोन मोजमापांत कल वाढला तर भिंतीला बाहेरून टेकू देणं, वर आणखी दोन थर चढवणं, असले प्रयोग करायचे नाहीत.

थांबा, आता तुमचं काम संपलं

खालचं काहीही दिसलं तर मिस्त्री नको, कॉन्ट्रॅक्टर नको, मी पण नको. स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि मातीचा म्हणजे जिओटेक्निकलचा माणूस, दोघं:

- भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद आणि अजून वाढतेय
- भेग कॉलममध्ये किंवा बीममध्ये आहे, नुसत्या भिंतीत नाही
- घराच्या वरच्या किंवा खालच्या जमिनीवर उताराच्या कडेला समांतर भेग, किंवा कमानीसारखी भेग, जिच्या एका बाजूची जमीन खाली गेलेली
- रिटेनिंग वॉल कलतेय
- पायथा कापला गेलाय
- पायाखाली भराव सापडला आणि त्याची खोली कळत नाही

आणि पावसात एकाएकी दारं अडकली, भिंतीतून कडकड आवाज आला, जमिनीतली भेग तासाभरात रुंद झाली, नेहमी स्वच्छ असणारा झरा गढूळ झाला किंवा एकदम बंद पडला, झाडं-खांब कलायला लागले, तर कागदपत्रं शोधत बसायचं नाही, म्हाताऱ्या माणसांना, पोरांना घेऊन आडवं म्हणजे उताराच्या बाजूला निघायचं, खाली उताराच्या रेषेत नाही. ११२ ला फोन, जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७. खालच्या शेजाऱ्याला पण फोन करा, माती आधी त्याच्या घरात जाणार.

इंजिनिअर आल्यावर

तुमच्या तारखांचे फोटो, टेपची मापं, खड्ड्यातला मातीचा नमुना पिशवीत बांधून, हे पुढे ठेवा. तो बोअर (जमिनीत खोल भोक पाडून मातीचे नमुने) घ्यायला सांगेल, घ्या, उताराच्या वर एक आणि खाली एक तरी. रिपोर्टमध्ये दोन वेगळी उत्तरं आहेत का बघा, फुटिंगची वजन पेलायची क्षमता उतार धरून काढलीय का, आणि पूर्ण उताराच्या स्थिरतेचा आकडा दिलाय का, तोही माती पाण्याने भरलेली धरून. उताराच्या स्थिरतेला साधारण १.५ चा सेफ्टी फॅक्टर अपेक्षित असतो, म्हणजे उताराला धरून ठेवणारा जोर खाली ओढणाऱ्या जोराच्या दीडपट. कोरड्या मातीवर काढलेला आकडा आपल्याकडच्या जुलैमध्ये काही कामाचा नाही. नुसतीच "एसबीसी" (मातीची सुरक्षित वजन पेलायची क्षमता) एक ओळीत लिहून दिलेली असेल तर ती सपाट जमिनीची आहे की उताराची, विचारा, लाजू नका, फी दिलीय तुम्ही.

अंडरपिनिंग म्हणजे पाया खालून खोल करायचं ठरलं तर एक गोष्ट स्वतः उभं राहून बघा. ते तीन-चार फुटांच्या तुकड्यांत करतात, एक तुकडा सोडून पुढचा, आणि एका तुकड्याच्या काँक्रीटला ताकद आल्याशिवाय शेजारचा उघडत नाहीत. कॉन्ट्रॅक्टर लेबर रिकामं बसतंय म्हणून अख्खी भिंत एकदम खालून मोकळी करायला निघाला तर काम तिथेच बंद करा. उतारावर वरच्या आणि खालच्या फुटिंगच्या तळांत फरक असेल तर तोही डिझाइनमध्ये बघितलेला पाहिजे, दोन शेजारच्या फुटिंगना जोडणारी रेघ दोन फूट आडवं-एक फूट उभं ह्यापेक्षा तीव्र नको, नाहीतर वरचं फुटिंग खालच्याच्या डोक्यावर बसतं.

भेग भरायची सगळ्यात शेवटी, काचेची पट्टी एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा न तडकता राहिली की मग. भेगेच्या दोन्ही बाजूंचं चार-चार इंच प्लास्टर काढा, भेग व्ही आकारात खरवडून धूळ झाडा, पाणी मारा, पॉलिमर मॉर्टर भरा, वरून कोंबडी जाळी खिळ्यांनी ताणून प्लास्टर, सात दिवस पाणी. पट्टी काढून टाकू नका, जवळच दुसरीकडे लावून ठेवा.